नवं भोक पाडायचं नाही

एल्कची शिकार उघडायला तीन आठवडे,
आणि बाबांना माशी दिसेना.
नळीच्या टोकावरची लोखंडी माशी,
साठ वर्षं जी त्यांनी नेमकी खांद्यामागे नेऊन बसवली,
ती आता धुक्यात विरघळते म्हणाले.
धुकं नव्हतं. तळ्यापलीकडे हिल्काच्या दोरीवरचे
मोजेसुद्धा मला मोजता येत होते.

रायफल बाबांहून थोरली.
रशियात घडलेली, बर्फात सापडलेली,
मग आमच्या सैन्यानं चौकटीत दोन अक्षरं ठोकून
आपली म्हटलेली.
युद्ध संपल्यावर आजोबांनी ती घेतली,
एक सायकल देऊन, वर पोतंभर राय.
सायकलीची हळहळ आजीला शेवटपर्यंत होती.

मी म्हटलं, दुर्बीण बसवू.
त्यांनी बशीतली कॉफी संपवली, मिशी पुसली.
"बसव. पण हिला नवं भोक पाडायचं नाही.
हिनं पाडली तेवढी पुरे."

झालं! बाजारातला प्रत्येक माउंट
भोकंच मागत होता.

मी जंगलातली यंत्रं दुरुस्त करते,
शेडमध्ये भंगाराला तोटा नाही.
मोडीत गेलेल्या एका हार्वेस्टरच्या हातातून
वीतभर पोलाद कापून घेतलं.
जुन्या साइटची पट्टी दाबली, दोन खिळे हळूच ठोकून काढले.
आत सैन्याचं वंगण, गुळाच्या काकवीसारखं,
अजून ओलं.
पट्टीवर आकडे: दोनशे, चारशे, चढत चढत दोन हजार.
दोन हजार मीटरवर कोण कुणाला ओळखतं?
सगळं मोहरीच्या रिकाम्या बाटलीत ठेवलं,
वर चिकटपट्टी: *परत बसवायचं*.

त्याच दोन भोकांत माझं पोलाद बसायला हवं होतं.
चार रात्री कानस चालली.
पहिलं केसभर तिरकं.
दुसरं शेगड्यातच चिरलं, मी शिव्या दिल्या,
बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाले,
"तुझ्या आईच्या शिव्या जास्त चांगल्या होत्या."
तिसरं बसलं, पण किंचित डुलायचं.
बिअरचा डबा कापून खाली कपटा सारला.
डुलणं थांबलं.
बोल्टची दांडी मात्र वाकवावी लागली नाही,
दुर्बीण तिच्या वाटेतच येत नव्हती.
एवढं एक आपोआप झालं.

रविवारी खडीच्या खाणीत गेलो.
शंभर मीटरवर कागद.
पहिली गोळी. कागद कोरा.
दुसरी. कोरा.
माशी काढून टाकली तरी
माशी शिंकलीच कुठेतरी.
बघते तर स्क्रू अर्धा आटा फिरलेला.
हातमोज्यांच्या कप्प्यात लाल नेलपॉलिश होतं,
कोणत्या लग्नासाठी घेतलेलं आठवत नाही.
आट्यांवर लावलं, फुंकर घातली,
वाळेपर्यंत दोघांनी एक सँडविच वाटून खाल्लं.

मग तीन गोळ्या, तिन्ही तळहाताएवढ्या जागेत,
जरा खाली, जरा डावीकडे.
मी नाचायच्या बेतात.
बाबांचं कागदाकडे लक्षच नव्हतं.
रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून
ते दुर्बिणीतून वर बघत होते,
खाणीच्या उभ्या मातीच्या कड्याकडे,
किती तरी वेळ.

"भोकं आहेत," म्हणाले. "रांगेनं. शेकडो."
"पाकोळ्यांची घरटी, बाबा. नेहमीचीच."
"आल्या होत्या या वर्षी?"
"आल्या होत्या की. ऑगस्टमध्ये गेल्या."
"मला वाटलं, आल्याच नाहीत."

त्यावर मला काही सुचलं नाही.
मी नळीवर हात ठेवला, ती अजून गरम होती.

"कागद खाली घे," ते म्हणाले,
"आणि बाजूला, त्या राडारोड्याच्या ढिगाकडे.
त्यांच्या दारात नको."